हिरवी वाट कोणासाठी?

आमचे केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी या भागातील लोकांची पूर्वापार समजूत आहे. टेकडीवरील सिद्धिविनायकाच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्याला गावातला कोणीही माणूस बकासुराची कथा ऐकवतो. गाडाभर अन्न, तो गाडा ओढणारी जनावरे आणि गाडा घेऊन जाणारा माणूस, एवढे सारे त्या राक्षसाला पोचते करावे लागे. नागपूरला महाविद्यालयात सार्वजनिक आयव्यय हा विषय शिकवीत असताना मी ही कथा वर्गात हटकून सांगत असे. करासोबत कर आणून देणाऱ्यालाही गिळून टाकणारी ती करपद्धती होती, असे म्हटले की मुले हसत आणि विषय त्यांच्या ध्यानात राही. निवृत्त होऊन गावी राहायला आल्यानंतर, २०२५ च्या मे महिन्यात, ही कथा हसण्यावारी नेता येणार नाही असा एक प्रसंग माझ्या ओसरीवर घडला.

जवळच्याच वस्तीतला एक तरुण हातात कागद घेऊन आला. आयटीआयमधून फिटरचा अभ्यासक्रम पुरा करून तो आखातात गेला होता आणि सलग तीन वर्षे राबून बहिणीच्या लग्नासाठी परतला होता. येताना त्याने तिच्यासाठी दोन बांगड्या, एक साखळी आणि कानातले असे मिळून ३८ ग्रॅम सोने आणले. दुकानाच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या. विमानतळावर उतरल्यावर दोन वाटा दिसल्या, एक लाल व एक हिरवी. ज्याच्यापाशी शुल्कपात्र वस्तू आहेत त्याने लाल वाटेने जाऊन त्या जाहीर करायच्या, ज्याच्यापाशी तसे काही नाही त्याने हिरव्या वाटेने सरळ बाहेर पडायचे. पुढचा प्रवासी म्हणाला, घरच्यासाठी आणलेल्या दागिन्यांना कोण विचारतो, चल हिरव्याने. हा गेला आणि अडकला. दागिने काढून घेतले गेले, एका छापील कागदावर सही घेतली गेली आणि त्याची प्रत त्याच्या हाती ठेवण्यात आली. तो इंग्रजी कागद वाचून दाखवा म्हणून तो माझ्याकडे आला होता. वाचून झाल्यावर त्याने विचारले, "सर, मी चोरी केली काय जी? पावती आहे ना माझ्यापाशी."

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर साधे नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार प्रवाशाने आपल्या सामानातील वस्तू जाहीर करावयाच्या असतात. हिरव्या वाटेने जाणे म्हणजे माझ्यापाशी शुल्कपात्र असे काही नाही, असे पायांनी केलेले निवेदनच होय. ते खोटे ठरले की माल जप्तीस पात्र होतो. सोन्याच्या बाबतीत तर तो माल चोरटा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १२३ अन्वये ज्याच्यापाशी तो सापडला त्याच्यावरच टाकलेली आहे. कायद्याच्या भाषेत या तरुणाचा दोष होता. मी त्याला तसे सांगितले. परंतु त्याच संध्याकाळी नियमावली घेऊन बसलो, तेव्हा असे आढळले की या दोषाच्या मागे उभी असलेली व्यवस्था त्याच्यापेक्षा पुष्कळ अधिक दोषी आहे.

आधी सोन्याचा हिशेब पाहू. २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्या पुरुषाला २० ग्रॅम आणि स्त्रीला ४० ग्रॅम दागिने शुल्कमुक्त आणता येत. (मूळ इंग्रजी नियमात 'जंटलमन पॅसेंजर' व 'लेडी पॅसेंजर' असे शब्द होते. फिटरचे काम करणाऱ्याला सरकारने जंटलमन म्हटल्याचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणून नोंदवून ठेवावे.) मात्र या वजनाला मूल्याची वेसण होती. पुरुषासाठी ५० हजार रुपये आणि स्त्रीसाठी एक लाख रुपये. म्हणजे नियम करणाऱ्याच्या मनात दहा ग्रॅमला २५ हजार हा भाव होता. नियम निघाला त्या सुमारास भाव त्याच्या आसपास, किंचित वरच होता. पण एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव एक लाखाला टेकला. त्या भावाने ५० हजारांत पाच ग्रॅम सोने येते. कागदावर २० ग्रॅमची सवलत तशीच राहिली आणि प्रत्यक्षात ती पाच ग्रॅमवर आली. यासाठी कोणी कायदा बदलला नाही, संसदेत चर्चा झाली नाही. नुसते स्वस्थ बसूनही सवलत काढून घेता येते, हे आपल्या वित्त खात्याला चांगले ठाऊक आहे.

हे प्रथमच घडत होते असेही नाही. त्याआधीची मर्यादा पुरुषाला १० हजार व स्त्रीला २० हजार रुपये अशी होती. ती १९९१ पासून बदललेली नाही, अशी कबुली देऊनच अर्थमंत्री चिदंबरम यांनी २०१३ च्या अंदाजपत्रकात ती पाचपट केली. म्हणजे बावीस वर्षे एक आकडा पडून राहिला, पुढे दुसरा आकडा तेरा वर्षे पडून राहिला. अखेर फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी दागिन्यांवरील मूल्यमर्यादा काढून टाकली आणि केवळ वजनाची मर्यादा ठेवली. हा बदल योग्य आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. पण तो आपणहून सुचला असे मानण्याचे कारण नाही. त्याआधीची काही वर्षे न्यायालये या प्रश्नावर सरकारला टोचत होती.

ती हकीकत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. २०१६ च्या नियमांत 'वैयक्तिक वापराच्या वस्तू' या संज्ञेची व्याख्या दैनंदिन गरजा भागविणाऱ्या वस्तू अशी केली होती आणि तिच्यातून दागिने स्पष्टपणे वगळले होते. आपल्या देशात बाईच्या गळ्यातील मंगळसूत्र ही दैनंदिन वस्तू नव्हे, असे म्हणण्याचे धाडस फक्त नियम लिहिणाराच करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच प्रवाशाच्या अंगावरील, वापरातील दागिन्यांचा विचार व्यक्तिगत सामान म्हणून करण्याची भूमिका घेतली होती. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे एका नवविवाहितेची ताली, म्हणजे आपल्याकडील मंगळसूत्रच, काढून घेतल्याचे प्रकरण आले आणि न्यायालयाने अधिकाऱ्यांना खडे बोल सुनावून दागिने परत करावयास लावले. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या छापील कागदाचाही समाचार घेतला. जप्तीपूर्वी कारणे दाखवा नोटीस मिळणे हा प्रवाशाचा हक्क आहे आणि तो सोडून दिल्याचे एका ठरावीक मजकुराच्या छापील फॉर्मवर सही घेऊन वदवून घेता येत नाही, असे त्या न्यायालयाने सांगितले. माझ्यापुढे बसलेल्या तरुणाने ज्या कागदावर सही केली होती, तो नेमका तसाच होता. नोटीस नको, सुनावणी नको, असे त्याने लिहून दिले होते. ते त्याला मी वाचून दाखविले तेव्हा कळले.

याहून मनाला लागणारी गोष्ट पुढेच आहे. भारतीय वंशाचा जो प्रवासी किमान सहा महिने परदेशी राहून येतो, त्याला एक किलोपर्यंत सोने सवलतीच्या दराने शुल्क भरून आणता येते. खडे व मोती न जडविलेले दागिनेही त्यात बसतात. अट एवढीच की शुल्क परकीय चलनात भरले पाहिजे. सोन्यावरील शुल्क जुलै २०२४ मध्ये ६ टक्क्यांवर आणलेले होते. आमच्या फिटरच्या दागिन्यांची किंमत साडेतीन लाखांच्या घरात होती. तो लाल वाटेने गेला असता, तर विसेक हजार रुपयांच्या भरण्यावर, तेही खिशात असलेल्या परकीय नोटांत, दागिने घेऊन राजरोस घरी आला असता. तीन वर्षे परदेशी राहिल्याने त्याचा तो हक्कच होता. पण हा हक्क त्याला कोणी सांगितला नव्हता. पाठविणाऱ्या दलालाने नाही, विमान कंपनीने नाही, आणि ज्या सरकारने त्याला पारपत्र दिले त्यानेही नाही.

म्हणजे शिक्षा झाली ती करचुकवेगिरीची नव्हे, अज्ञानाची. कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे तत्त्व मला ठाऊक आहे. पण ते तत्त्व मान्य करावयाचे तर कायदा निदान त्या माणसाच्या भाषेत त्याच्यापुढे ठेवला गेला पाहिजे. दोनेक किलोच्या सोन्याच्या चकत्या आणणारा व्यापारी ही नियमावली सल्लागाराकडून समजून घेतो. फिटर ती रांगेतल्या पुढच्या माणसाकडून समजून घेतो.

येथे सीमाशुल्क अधिकाऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे. सोन्याची चोरटी आयात ही काल्पनिक गोष्ट नाही. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून शारजा व दोहा येथे थेट विमाने जाऊ लागल्यापासून तेथेही सोने पकडल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. सोन्याची लगदी करून ती शरीरात लपवून आणणारे आहेत, आणि असे ओझे वाहणाऱ्यांत परतणारे गरीब मजूरही आहेत. त्यांना परतीचे तिकीट आणि थोडे पैसे मिळतात, माल दुसऱ्याचाच असतो. अधिकाऱ्याने बॅग पाहायची नाही तर काय करायचे?

पण हा चोरटा व्यापार जन्मतो कोठे, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारले पाहिजे. १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणले, तेव्हा चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास बंदी झाली. हजारो सोनार देशोधडीला लागले, आणि सोन्याची हाव मात्र कमी झाली नाही. ती समुद्रमार्गे भागविली जाऊ लागली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला आणि १९९२ पासून परदेशस्थ भारतीयांना पाच किलोपर्यंत सोने शुल्क भरून आणण्याची मुभा मिळाली. चोरट्या व्यापाराचा कणा मोडला तो या खुल्या दाराने. त्यापूर्वीची तीस वर्षे झडत्या चालूच होत्या. पुढे चालू खात्यावरील तूट वाढली म्हणून जानेवारी २०१२ ते ऑगस्ट २०१३ या काळात आयात शुल्क पायरीपायरीने २ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर नेले गेले, आणि जुलै २०२२ मध्ये ते एकूण १५ टक्के झाले. तेव्हा ग्रॅमचा भाव पाच हजार दोनशेच्या आसपास होता. म्हणजे एक किलो सोने शुल्क न भरता आत आणणाऱ्याला सुमारे पावणेआठ लाखांचा फायदा. इतके मोठे बक्षीस सरकारनेच जाहीर केल्यावर ते घेणारे निघणारच. दर दिल्लीत ठरतो, फायदा दुबई आणि मुंबईच्या पेढ्यांवर वाटला जातो, आणि झडती होते ती आखातातून येणाऱ्या विमानातील दोरीने बांधलेल्या खोक्यांची.

याच्या उलट दूरचित्रवाणी संचाकडे पाहा. ऑगस्ट २०१३ मध्ये सपाट पडद्याचा संच मोफत सवलतीतून वगळण्यात आला. रुपया घसरत होता, परकीय चलन वाचवायचे होते, आणि आखातातून परतणारे लोक हे संच मोठ्या संख्येने आणीत होते. २०१६ च्या नियमांतही तो वगळलेलाच राहिला. सामानावरील शुल्काचा दर ३५ टक्के व त्यावर अधिभार मिळून ३८.५ टक्के. म्हणजे २०२४ नंतर एक किलो सोने ६ टक्क्यांत येऊ शकत होते आणि घरच्यांसाठी आणलेल्या संचावर ३८.५ टक्के द्यावे लागत होते. यामागचे तर्कशास्त्र समजणे अवघड नाही. जे लपविता येते त्यावर कर कमी ठेवावा, कारण अधिक ठेवला तर तो मिळतच नाही. ज्याचे खोके दुरूनच दिसते त्यावर खुशाल अधिक लावावा. महसुलाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे असेल. न्यायाच्या दृष्टीने पाहिले तर, लपविणे ज्याला जमत नाही त्याच्यावरच हा कर पडतो. (या नियमावलीची दृष्टी किती ताजी होती याचा नमुना म्हणजे, २०१६ साली केलेल्या यादीत व्हिडिओ कॅसेट प्लेअर आणि फॅक्स यंत्र अजून सन्मानाने नांदत होते. १९८० च्या दशकात आखातातून येणाऱ्याच्या हाती टू-इन-वन आणि डोक्यावर व्हीसीआर असे. तो काळ संपल्याचे खात्याला कोणी कळविले नसावे.)

आता सर्वसाधारण सवलतीकडे वळू. शुल्कमुक्त सामानाची मर्यादा २०१२ मध्ये ३५ हजार, २०१४ मध्ये ४५ हजार, २०१६ मध्ये ५० हजार आणि फेब्रुवारी २०२६ पासून ७५ हजार रुपये झाली. १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप याखेरीज. दोन लिटर मद्य आणि शंभर सिगारेटी याच मर्यादेत बसतात. मद्याची गंमत आमच्या जिल्ह्यात विशेष आहे. गांधीजींच्या वास्तव्यामुळे वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. सोनेगाव विमानतळावर जी बाटली सीमाशुल्काच्या दृष्टीने निर्दोष असते, तीच बुटीबोरी मागे टाकून जिल्ह्याच्या हद्दीत शिरली की दारूबंदीच्या कायद्यात सापडते. दिल्लीच्या सवलतीला गावच्या वेशीवर किंमत नसते, याचे हे एक निरुपद्रवी उदाहरण.

सवलत ही सरकारने सोडून दिलेली रक्कम असते. ३८.५ टक्क्यांच्या दराने ५० हजारांवरील शुल्क १९,२५० रुपये होते. विमानाने परदेशी जाऊन आलेल्या माणसाला प्रत्येक खेपेला सरकार जास्तीत जास्त एवढी रक्कम माफ करीत होते. वर्षातून चार वेळा गेला तर चार वेळा. याच २०२५-२६ सालात महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एका प्रवासाची माफी ही रोजगार हमीच्या कामावरील जवळजवळ ६२ दिवसांची मजुरी. ७५ हजारांची मर्यादा धरली तर त्याच दराने ९२ दिवसांची. ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीची कल्पना देशाला दिली, तेथील मजुराला खोदलेल्या मातीचे माप घेतल्याशिवाय हातात पैसा मिळत नाही. हिरव्या वाटेने जाणाऱ्याच्या माफीचे मात्र कोठे मापच होत नाही, कारण ती रक्कम कधी सरकारी तिजोरीत आलेलीच नसते.

यावरून ही सवलत बंद करावी असे मी म्हणत नाही. मुलांसाठी खाऊ, बायकोसाठी साडी, म्हाताऱ्या आईसाठी कांबळे घेऊन येणाऱ्याला दारात अडविणारे राज्य शहाणे नव्हे. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेला जाताना गांधीजी मार्सेय बंदरात उतरले, तेव्हा सीमाशुल्क अधिकाऱ्याला त्यांनी आपल्या मालमत्तेची यादी सांगितली होती. सहा चरखे, तुरुंगातली भांडी, शेळीच्या दुधाचा डबा, हातमागाचे सहा पंचे, टॉवेल, आणि जिची फारशी किंमत होणार नाही अशी आपली कीर्ती. पुढे पाच वर्षांनी हेच गांधीजी येथून जवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, येऊन राहिले. ही आठवण लोक विनोद म्हणून सांगतात. मला तिच्यात सामानाची खरी व्याख्या दिसते. माणसाचे काम आणि त्याचे जगणे ज्यावर चालते ते त्याचे सामान. आखातातून येणाऱ्या मजुराच्या बाबतीत या व्याख्येत आणखी एका गोष्टीची भर घालावी लागते, ती म्हणजे त्याची बचत. पोस्टाच्या पुस्तकात ठेवण्याऐवजी तो ती बहिणीच्या हातातील बांगडीत ठेवतो, एवढाच फरक.

आणि या मजुराने देशाला काही दिले नाही असे नाही. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी सुमारे १२९ अब्ज डॉलर पाठविले, जगात सर्वांत अधिक. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत यापैकी अमेरिकेचा वाटा सुमारे २८ टक्के आणि आखातातील सहा देशांचा मिळून ३८ टक्के होता. व्यापारातील तूट भरून काढणारा हा पैसा आहे. ज्या परकीय चलनासाठी २०१३ मध्ये त्याच्या हातातला संच सवलतीतून काढला, ते चलन त्यानेच मिळवून पाठविले होते.

या नियमांत वर्ग कसा लपलेला असतो याचे आणखी एक उदाहरण. स्त्रीला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम, हा भेद वरवर पाहता स्त्रीधनाचा मान राखणारा वाटतो. पण आखातात मजुरीला जातात त्यांत पुरुष बहुसंख्य. बायकोला सोबत नेण्यासाठी तेथे ठरावीक पगार असावा लागतो. तो फिटरला मिळत नाही, अभियंत्याला मिळतो. त्यामुळे ४० ग्रॅम सहसा अभियंत्याच्या कुटुंबाच्या वाट्याला येतात, वर त्याचे स्वतःचे २० ग्रॅम असतातच. फिटरची बायको, आई, बहीण येथे सेलू तालुक्यात कापूस वेचीत असतात. त्यांच्यासाठी सोने आणणाराही तोच, आणि त्याला सवलत २० ग्रॅमची.

कापसाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सीमाशुल्क हे केवळ विमानतळावरचे प्रकरण नाही, ते बंदरावरचेही आहे. २०२१ पासून परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क होते. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते माफ करण्यात आले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आमच्याकडील वेचणीचा आणि विक्रीचा काळ. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला होता, पण व्यापाऱ्याला परदेशी गाठ बिनशुल्क मिळत असेल तर तो हमीभावाच्या जवळपास का येईल? गिरण्यांना दिलेल्या या माफीसाठी कोणाला रांगेत उभे राहावे लागले नाही. एका अधिसूचनेने सबंध गाठींना हिरवी वाट मिळाली. आमच्या फिटरचा बाप कापूस पिकवतो. त्याच वर्षी, त्याच खात्याने, मुलाचे ३८ ग्रॅम अडविले आणि बापाच्या मालावरचे संरक्षण काढून घेतले. यात कोणाचा कट नव्हता. दोन वेगवेगळ्या टेबलांवर दोन वेगवेगळे कागद निघाले. मात्र दोन्ही टेबलांवर या घराच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते.

काय करता येईल? फार मोठी क्रांती लागत नाही. सोन्याची मर्यादा वजनात ठेवली हे ठीक झाले, आता पुरुष आणि स्त्री यांतला भेद काढून दोन वर्षांहून अधिक काळ मजुरी करून परतणाऱ्या कोणालाही ४० ग्रॅम द्यावेत. २०१६ च्या नियमांत परदेशी व्यवसाय करून परतणाऱ्यांना मुक्कामाच्या कालावधीनुसार ६० हजारांपासून पाच लाखांपर्यंत घरगुती सामानाची वाढती सवलत होती. म्हणजे मुक्काम जितका दीर्घ तितकी सवलत अधिक, हे तत्त्व खात्याला अपरिचित नाही. ते दागिन्यांना लावावे, आणि वारंवार सहलीला जाणाऱ्याची सवलत वर्षातून एकदाच द्यावी. नजरचुकीने हिरव्या वाटेने आलेला, पावत्या जवळ असलेला, पहिल्यांदाच सापडलेला मजूर असेल, तर त्याला तेथल्या तेथे लाल वाटेवर परत पाठवून नियमित शुल्क घ्यावे. जप्ती ही धंदेवाईकासाठी असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परदेशी रोजगाराला जाणाऱ्यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०१८ पासून जे प्रस्थानपूर्व प्रशिक्षण चालविले, त्यात जातानाच्या नियमांबरोबर येतानाचे नियमही शिकवावेत, त्यांच्या भाषेत छापून हातात द्यावेत. सामान जाहीर करण्यासाठी सीमाशुल्क खात्याने २०१९ मध्ये मोबाइलवरची एक सोय काढली, तिचे नाव 'अतिथी' ठेवले. नाव सुंदर आहे. पण घरी परत येणारा माणूस अतिथी नसतो, हे नाव ठेवणाऱ्याच्या लक्षात आलेले दिसत नाही.

या मागण्यांवर महसूल बुडेल असा आक्षेप घेतला जाईल. ३८.५ टक्के दराने शुल्क, वर दंड आणि तडजोडीची रक्कम, असे करून मजुरांकडून किती मिळते आणि त्यासाठी गोदामे, नोटिसा, सुनावण्या, अपिले यांवर किती खर्च होतो, याचा हिशेब खात्याने एकदा लोकांपुढे ठेवावा. मग बोलू.

त्या तरुणाच्या बहिणीचे लग्न ठरल्या दिवशीच झाले. तिच्या हातात मोठ्या काकूच्या बांगड्या होत्या, मांडवातून उतरल्यावर परत करायच्या बोलीवर आणलेल्या. अर्ज, एका परिचित वकिलांची दोन पत्रे आणि तीन खेपांनंतर डिसेंबरमध्ये दागिने सुटले. शुल्क व दंड मिळून जी रक्कम भरावी लागली ती त्याने उसनी घेतली, आणि ती फेडण्यासाठी जानेवारीत तो पुन्हा आखातात गेला. जाण्याच्या आदल्या दिवशी येऊन त्याने माझ्याकडून सीमाशुल्काचे नियम मराठीत एका कागदावर लिहून घेतले, सेलूला जाऊन त्याच्या प्रती काढल्या आणि बरोबर निघालेल्या दोघांना दिल्या. त्या कागदावर मी लिहिलेली ५० हजारांची ओळ फेब्रुवारीतच जुनी झाली. दुरुस्त कागद आता त्याच्या भावाच्या मोबाइलवरून पाठवायचा आहे.